मांडीवरचा प्रेक्षक

(मंडळाच्या मदतनिधीसाठी दाखवलेल्या ‘श्वास’ या चित्रपटाच्या खेळाआधी केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्ष, कार्यकारिणीतले माझे सहकारी, आणि शनिवारची संध्याकाळ मोडून, पोरांना क्रिकेटच्या मैदानावरून तसंच उचलून इथे आलेले सगळे मित्रमैत्रिणी, तुमचं मनापासून स्वागत. मला पंधरा मिनिटं दिली आहेत. मागच्या बाजूला वडे तळून तयार आहेत आणि त्यांचा वास इथवर येतोय, त्यामुळे मी वेळ पाळणार याची खात्री बाळगा.

मी बोलायला उभी का राहिले ते आधी सांगते. महिन्यापूर्वी कार्यकारिणीच्या बैठकीत आजचा चित्रपट पाच मिनिटांत ठरला, हॉल दहा मिनिटांत ठरला, आणि मग एका प्रश्नावर आम्ही पावणेदोन तास अडकलो. मुलांना आणायचं की नाही? कुणी म्हणालं, इतका रडवणारा सिनेमा, पोरांना कशाला? कुणी म्हणालं, तीच पोरं घरी बसून अख्खी शहरं जमीनदोस्त होताना बघतात, तेव्हा कुठे आपण विचारतो? दोन्ही बाजू बरोबर होत्या, म्हणून तर पावणेदोन तास लागले. शेवटी ठरलं की जिला सिनेमाचं वेड आहे आणि जिच्या घरात दोन पोरं आहेत, तिनंच यावर बोलावं. अशी मी सापडले.

वेड म्हणते आहे ते खरोखरचं. मी कोल्हापूरची. ज्या गावात चौकात कॅमेऱ्याचा पुतळा उभा करतात, ज्या गावात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तिथल्या माणसाला सिनेमा आवडतो हे वेगळं सांगायला नको. आमच्या बाबांना सिनेमाचा नाद होता. नाद हाच शब्द आई वापरायची, आणि तो कौतुकानं नाही. नवा मराठी सिनेमा लागला की पहिल्या आठवड्यात बाबा टॉकीजवर. आणि आई सोबत येत नसे म्हणून मी. १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ आला तेव्हा मी पाच वर्षांची होते. मांडीवर बसणाऱ्या मुलाला तिकीट लागत नाही, या नियमावर बाबांची फार श्रद्धा. त्यामुळे पुढे दोनतीन वर्षं, माझे पाय त्यांच्या पोटऱ्यांपर्यंत लोंबायला लागले तरी, मी मांडीवरचीच प्रेक्षक होते. आजही थिएटरात दिवे मालवले की मला पाठीमागे बाबांच्या शर्टाच्या खिशातलं पेन टोचतंय असं वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, हे काय कौतुकाचं? पोराला मांडीवर घेऊन सिनेमा बघणं ही आपली जुनी रीत आहे. अगदी बरोबर. किती जुनी, तर आपल्याकडे सिनेमा तयार होण्याच्याही आधीची.

१९११ सालच्या ईस्टरची गोष्ट अशी सांगतात. धुंडिराज गोविंद फाळके चाळिशीचे झाले होते. छापखान्याच्या भागीदारीतून बाहेर पडले होते, पुढे काय करायचं याचा पत्ता नव्हता. थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन ते गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले आणि दोघांनी पडद्यावर चालतेफिरते प्राणी पाहिले. पोरगं धावत घरी आलं आणि आईला सांगायला लागलं. घरात कुणाचाच विश्वास बसेना. पडद्यावर जनावरं धावतात म्हणे! मग दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्या घरादाराला घेऊन गेले. ईस्टर असल्यामुळे त्या दिवशी लागला होता ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट. तो पाहता पाहता फाळक्यांना पडद्यावर आपले राम आणि कृष्ण दिसायला लागले. हे पुढचं सगळ्यांना पाठ आहे. मला आवडतो तो आधीचा दिवस. भारतीय सिनेमाची पहिली बातमी घरी पोहोचवली ती एका लहान मुलानं, आणि त्याच्या आईला ती थाप वाटली.

त्यानंतर या गृहस्थानं जे केलं त्याला आजच्या भाषेत फॅन म्हणतात. मिळेल तो चित्रपट बघायचा, रात्र रात्र प्रयोग करायचे, झोप नावाला. इतकं केलं की डोळे गेले. काही काळ दिसेनासं झालं, डॉक्टरांनी उपचार करून आणि चष्म्यांवर चष्मे देऊन ती नजर परत आणली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकली, १९१२ साली लंडन गाठलं, कॅमेरा आणला. कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा रोखून, थोडं थोडं चित्रण करत, रोप उगवताना दाखवणारी मिनिटभराची फिल्म केली. सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडायच्या आणि दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करायच्या. (बायकांनो, हे नीट ऐका. आपण फक्त नवऱ्याच्या क्रिकेटवर चिडतो.) ३ मे १९१३ ला मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, आणि त्यात रोहिदास कोण? तोच भालचंद्र. पुढे १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्ण झाली ती लहानगी मुलगी मंदाकिनी.

पण या गोष्टीत एक काटा आहे. ‘राजा हरिश्चंद्र’चं चित्रण त्र्यंबकेश्वरला चालू असताना खेळता खेळता भालचंद्र दगडावर आपटला, डोक्याला लागलं, बेशुद्ध झाला. बरोबरच्यांनी म्हटलं, थांबू या, मुलगा बरा होऊ दे. फाळक्यांनी उपचार केले आणि मग चित्रण चालू ठेवलं, कारण पुढचा प्रसंग रोहिदासाच्या मृत्यूचाच होता. असं त्यांच्या चरित्रात सांगतात.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला मूल नव्हतं, आणि मी म्हटलं, वा, काय निष्ठा! दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा कुशीत तीन महिन्यांची मुलगी होती, आणि मी पुस्तक मिटून ठेवलं. सिनेमाचं वेड आणि आईबापपण एका घरात कसं नांदतं, याचं उत्तर दादासाहेबांनाही सापडलं नव्हतं, तर आम्हाला कुठून सापडणार?

आम्ही २००९ साली मेलबर्नला आलो. सिनेमावेड्या माणसाला हे शहर परकं नाही. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानतात तो ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ इथेच, कॉलिन्स स्ट्रीटवरच्या अथेनियममध्ये, १९०६ च्या बॉक्सिंग डेला दाखवला गेला. म्हणजे आपल्या हरिश्चंद्राच्या सहा वर्षांहून जास्त आधी. आज त्यातला जेमतेम पाव भाग शिल्लक आहे. पण मराठी सिनेमा? आम्ही आलो तेव्हा तो मिळायचा इंडियन स्टोअरमध्ये, मसाल्यांच्या मागच्या रॅकवर, धूळ खात पडलेल्या व्हीसीडींच्या गठ्ठ्यात. दोन डिस्क, आणि दुसरी हमखास अडकणार. कित्येक चित्रपटांचा शेवट मी भारतात फोन करून बाबांकडून ऐकलेला आहे.

२०१३ मध्ये मुलगी झाली आणि सिनेमा हप्त्यांवर आला. रोज रात्री वीस मिनिटं, आवाज इतका बारीक की संवाद ओठांवरून ओळखायचे. दोन तासांचा चित्रपट आठवड्यात संपायचा. खलनायक कोण हे सोमवारी कळलेलं शुक्रवारी विसरायचं. इथल्या थिएटरांत सकाळी खास तान्ह्या बाळांच्या आयांसाठी खेळ असतात, हे मला नर्सनं सांगितलं. दिवे पूर्ण मालवत नाहीत, आवाज कमी ठेवतात, आणि पडद्याच्या पुढे प्रॅमची रांग लागते, एसटी स्टँडवर गाड्या लागतात तशी. एखादं बाळ रडायला लागलं की कुणी वळून बघत नाही. तिथे मी इंग्रजी चित्रपट पाहिले, चांगले वाईट सगळे, आणि पहिल्यांदा वाटलं की या देशात आपल्याला जागा आहे. हसू नका, खरंच तसं वाटलं.

चुका पण केल्या. एकदा एका हिंदी मारधाडीच्या चित्रपटाला आम्ही तीन वर्षांच्या पोरीला घेऊन गेलो. पोस्टरवर एमए १५+ लिहिलेलं होतं. या देशात त्याचा अर्थ असा की पंधरा वर्षांखालच्या मुलाला आईबाप किंवा जबाबदार मोठं माणूस सोबत असल्याशिवाय सोडत नाहीत. आम्ही काय समजलो? आईबाप सोबत आहेत ना, मग झालं! दारावरच्या मुलानं विचारलंसुद्धा, ‘आर यू शुअर?’ आम्ही छाती काढून शुअर म्हणालो. मध्यंतरापर्यंत ती माझ्या ओढणीत तोंड खुपसून बसली होती आणि मी, तिची आई, एक डोळा तिच्यावर ठेवून दुसऱ्या डोळ्यानं पडदा बघत होते. नवऱ्यानं तिला बाहेर नेलं. मी शेवटपर्यंत बसले. हे कबूल करताना आज लाज वाटते, पण कबूल नाही केलं तर पुढचं बोलायचा हक्क उरत नाही.

मग मराठी सिनेमे घरी दाखवायला सुरुवात केली. इथे एक गंमत आहे जी भारतातल्या नातेवाइकांना सांगून पटत नाही. आमची मुलगी मराठी संवाद ऐकते, पण हसते ती इंग्रजी सबटायटल वाचून, आणि म्हणून पात्र बोलायच्या अर्धा सेकंद आधीच हसते. धाकटा तेव्हा वाचायला शिकला नव्हता, त्याच्यासाठी मी शेजारी बसून सगळं सांगत जायचे. मूकपटांच्या काळात आपल्याकडे थिएटरात एक माणूस उभा राहून पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवायचा, कारण बहुतेकांना वाचता येत नसे. शंभर वर्षांनी ती नोकरी मला लागली, बिनपगारी.

‘बनवाबनवी’ त्यांना आवडेल का अशी धाकधूक होती. १९८८ चं पुणे, भाड्याची खोली मिळेना म्हणून बायकांचा वेष घेणारे पुरुष, हे या पोरांना काय कळणार? पण मेलबर्नमध्ये भाड्याचं घर शोधताना शनिवारी सकाळी घर बघायला लागणाऱ्या तीस तीस माणसांच्या रांगेत ती आमच्याबरोबर उभी राहिलेली आहेत. त्यांना पहिल्या दहा मिनिटांत सगळं कळलं. धाकटा म्हणाला, बाबा, तू पण साडी नेसायला पाहिजे होती.

‘झपाटलेला’ मात्र अंगाशी आला. १९९३ मध्ये आम्ही तो बघून हसून लोळलो होतो, म्हणून मी तो विनोदी म्हणूनच लावला. रामदास पाध्यांचा तो बाहुला तात्या विंचू डोळे फिरवायला लागला आणि माझ्या सहा वर्षांच्या मुलीनं घरातल्या सगळ्या बाहुल्या गोळा करून गॅरेजमध्ये नेऊन ठेवल्या. तीन आठवडे ती आमच्या खोलीत झोपली. आणि ‘श्यामची आई’? अत्र्यांचा १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. मी डोळे पुसत होते आणि पोरगी विचारत होती, पोहायला घाबरतो म्हणून ती त्याला मारते का? त्याला लेव्हल वनमध्ये का नाही घालत? मला राग आला. मग जाणवलं की तिनं विचारलेला प्रश्न मी तिच्या वयाची असताना माझ्याही मनात आला होता, फक्त विचारायची हिंमत झाली नव्हती.

आता ‘श्वास’कडे येते.

२००४ साली हा चित्रपट आला तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. संदीप सावंतांचा हा पहिला चित्रपट. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं ते याला, आणि छोट्या अश्विन चितळेला बालकलाकाराचं. त्या वर्षी भारतानं ऑस्करसाठी हाच चित्रपट पाठवला, आणि तिथल्या प्रसिद्धीचा खर्च झेपेना म्हणून महाराष्ट्रात लोकांनी वर्गणी काढली. तेव्हा आज आपण या सिनेमाच्या नावानं पैसे गोळा करतोय, ती या सिनेमाची जुनी सवयच आहे म्हणा ना! गोष्ट साधी आहे. कोकणातला एक आजोबा सातआठ वर्षांच्या नातवाला, परशुरामला, डोळ्यांच्या तपासणीसाठी शहरात आणतो. कळतं की डोळ्यांत कर्करोग आहे, शस्त्रक्रिया झाली तर जीव वाचेल पण नजर जाईल. अरुण नलावड्यांचा आजोबा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना मी सांगणार नाही.

या आजाराबद्दल मात्र दोन मिनिटं सांगते, कारण आजचा निधी त्यासाठीच आहे. रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर होणारा कर्करोग, बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होणारा. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका मुलाला होतो. लवकर सापडला तर आज बहुतेक मुलं वाचतात, आणि पुष्कळदा डोळाही वाचवता येतो. उशीर झाला तर आधी डोळा, मग जीव. ओळखायचं कसं? फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बुबुळात लाल ठिपक्याऐवजी पांढरट चमक दिसते, मांजराच्या डोळ्यासारखी. किंवा मूल अचानक तिरळं बघायला लागतं. असं दिसलेल्या प्रत्येक मुलाला हाच आजार असतो असं नाही, फोटोच्या कोनामुळेही चमक येते, मोतीबिंदूही असू शकतो. पण दिसलं तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आज घरी गेल्यावर फोनमधले पोरांचे फोटो एकदा नीट बघा, एवढी माझी विनंती.

इथे आपण सुदैवी आहोत. व्हिक्टोरियात जन्मापासून साडेतीन वर्षांपर्यंत नर्सच्या दहा ठरलेल्या भेटी फुकट मिळतात, शेवटच्या भेटीत नजरही तपासतात. धाकट्याच्या वेळी एक भेट चुकली तर मला तीन फोन आले. परशुरामच्या गावाला असा फोन करणारं कुणी नसतं. तिथे तपासणीसाठी डॉक्टर पोहोचावा, आणि काही सापडलं तर मुलाला आणि त्याच्या घरच्या एका माणसाला शहरापर्यंत यायला, राहायला पैसे असावेत, यासाठी आजच्या तिकिटांचे आणि वड्यांचे सगळे पैसे जाणार आहेत. ‘श्वास’मधला आजोबा शहराच्या दवाखान्यात किती बावरलेला असतो ते आज बघालच. कोणता फॉर्म, कोणती खिडकी, कुणाला विचारायचं, काही कळत नाही.

२००४ साली हा चित्रपट मी बाबांबरोबर पाहिला. अर्थात शेजारच्या खुर्चीवर बसून, तिकीट काढून. बाबा रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. बाहेर आल्यावर म्हणाले, पंख्याची धूळ किती रे या थिएटरात. मी हो म्हटलं.

त्यानंतर मी तो पुन्हा पाहिलाच नाही. आज दाखवायचा म्हणून गेल्या महिन्यात, एका रात्री पोरं झोपल्यावर, लॅपटॉपवर लावला. यात एक प्रसंग आहे. डॉक्टर म्हणतात, शस्त्रक्रियेआधी मुलाला खरं सांगितलंच पाहिजे, तो अंधारात जाणार आहे आणि त्याला ते माहीत असण्याचा हक्क आहे. आजोबाला ते जमत नाही. शब्द तोंडाशी येतात आणि परत जातात. मी तिथे चित्रपट थांबवला. मागे वळून बघते तर दारात मुलगी उभी. बारा वर्षांची झालीय आता. किती वेळ उभी होती कोण जाणे.

म्हणाली, ‘त्याला सांगतात का?’

मी म्हटलं, पुढे बघायचंय अजून.

ती म्हणाली, ‘तुम्ही मला पण नव्हतं सांगितलं. आबांचं.’

मे २०२१. इथल्या सीमा बंद होत्या, देशाबाहेर जायला परवानगी लागत होती, आणि त्या पंधरवड्यात भारतातून परत येणाऱ्यांना, अगदी नागरिकांनाही, प्रवेश बंद होता. कोल्हापुरात बाबा हॉस्पिटलमध्ये होते. त्या महिन्यात या हॉलमधल्या किती जणांच्या घरी असा फोन आला ते मला माहीत आहे, त्यामुळे जास्त सांगत नाही. बाबांचं शेवटचं सगळं मी फोनच्या पडद्यावर पाहिलं. आयुष्यभर ज्या माणसाच्या मांडीवर बसून पडदा बघितला, तो माणूसच पडद्यात. मुलगी आठ वर्षांची होती. दर रविवारी आबा तिला व्हिडिओवर एका सिनेमाची गोष्ट सांगायचे, सगळ्या पात्रांचे आवाज काढून. तिनं विचारलं, आबा कुठेत? आम्ही म्हणालो, झोपलेत. दुसऱ्या रविवारी म्हणालो, दवाखान्यात आहेत, बरे होतील. तेव्हा त्यांना जाऊन चार दिवस झाले होते. लहान आहे, तिला कशाला, आधीच शाळा ऑनलाइन, मैत्रिणी भेटत नाहीत. कारणं भरपूर होती. तीन आठवड्यांनी सांगितलं. ती तेव्हा रडली नाही, आणि आम्हाला हायसं वाटलं. वाटलं, बघा, बरं केलं ना थांबलो ते.

त्या रात्री ती म्हणाली, ‘मला माहीत होतं. तू रोज कपडे धूत होतीस. एवढे कपडे नव्हते आपल्याकडे.’

मी रडायला लाँड्रीत जायचे, मशीन लावून. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. रिकामी मशीन तीन आठवडे फिरत होती आणि दाराच्या पलीकडे आठ वर्षांची पोर उभी राहून हिशोब करत होती. एकटी. मी तिला त्या दुःखातून वाचवलं नाही हो. मी फक्त तिला त्यात एकटं सोडलं.

उरलेला ‘श्वास’ आम्ही दोघींनी पाहिला. सोफ्यावर, एका पांघरुणात. मध्ये मध्ये ती थांबवायची आणि विचारायची. तो आता चिडलाय का? आजोबांना भीती वाटते का? मग आबांबद्दल विचारलं. त्यांना ऑक्सिजन लावला होता का, दुखत होतं का, शेवटी कोण होतं जवळ. चार वर्षं साठवून ठेवलेले प्रश्न. रात्रीचे दोन वाजले, दुसऱ्या दिवशी शाळा होती, नवरा उठून आला आणि आमच्याकडे बघून परत गेला. चित्रपट संपल्यावर ती म्हणाली, आबांना हा आवडला असता. मी म्हटलं, त्यांनी पाहिला होता, माझ्याबरोबर, आणि धुळीची गोष्ट सांगितली. तेव्हा ती हसली, आणि मग रडली.

आठ वर्षांच्या धाकट्याला मात्र मी आज आणलेलं नाही. तो तात्या विंचूच्या वयाचा आहे अजून, आणि मी त्याला ओळखते. पण आज इथे काय दाखवणार आहोत, तो मुलगा कशानं आजारी आहे, हे त्याला घरी बसून सांगितलंय. त्यानं दोनच प्रश्न विचारले. दुखतं का, आणि त्याचा आजोबा बरोबर राहतो का. मी म्हटलं, हो, बरोबर राहतो.

तेव्हा कार्यकारिणीचा निर्णय असा. साधारण दहा वर्षांपुढची मुलं आत बसतील, पण आईबापांपासून वेगळी, मागच्या रांगेत टोळकं करून नाही. शेजारी. ज्यांना वाटतं आपलं आठ वर्षांचं मूल बघू शकेल, त्यांनी खुशाल बसवावं, तुमच्या मुलाला आमच्यापेक्षा तुम्ही जास्त ओळखता. आणि ज्यांना वाटतं बारा वर्षांचंही नको, त्यांनाही कुणी नावं ठेवणार नाही. लहानांसाठी पलीकडच्या खोलीत चित्रकलेचं सामान आहे, दोन काकू आहेत, आणि तिथे मोठ्यांच्या आधी वडे मिळणार आहेत, हे मी मुद्दाम मोठ्यानं सांगते. कुणाला मध्येच बाहेर जावंसं वाटलं तर डावीकडचा दरवाजा उघडा ठेवलाय, दिवा आहे, पाण्याची बाटली आहे. निम्म्यावर दहा मिनिटं थांबू. मुलं काही विचारतील तर तिथल्या तिथे, हळू आवाजात उत्तर द्या, बाकीचे आज श्श करणार नाहीत. चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावणार नाही, दोन मिनिटं तसेच बसू.

प्रत्येक रांगेच्या टोकाला टिश्यूचा डबा आहे. तो पुढे सरकवत जा. आणि ज्यांना नको असेल त्यांच्यासाठी सांगते, या हॉलमध्ये पंखे आहेत, धूळही बरीच आहे.

दिवे मालवा रे कुणीतरी.